नावाड्याची मजुरी

कायझर्सलाउटर्न
१२ जानेवारी २०१४

अप्पा, जयभीम.

तुमच्या कानाचं नवं मशीनसुद्धा शिट्ट्याच मारतं, असं तुमचा लेक संघर्ष म्हणाला. मग फोनवर तुमच्याशी बोलायचा हट्ट सोडते आणि पत्र लिहिते. आईशी मात्र दर रविवारी बोलणं होतं. तिच्या हार्टचं पंपिंग आणखी कमी झालंय हेही संघर्षनेच सांगितलं. मे महिन्याचं तिकीट काढलंय. उर्जा बरोबर येईल, तिच्या बाबांना, राजानंदला, परीक्षांच्या कामामुळे रजा नाही.

तुम्ही शेजाऱ्यांना सांगता की माझी मुलगी जर्मनीत म्युझियममध्ये ऑफिसर आहे. ऑफिसर नाही हो मी. जुन्या धातूच्या वस्तूंवरची माती आणि गंज काढते. सध्या हातात जे आहे त्याबद्दल तुम्हाला लिहावंसं वाटलं.

ऱ्हाईनच्या काठी एका गावात नवीन घरांचा पाया खणताना रोमन काळातल्या कबरी लागल्या. त्यातली एक बाईची. तिची कवटी भोवतालच्या मातीसकट उचलून आमच्या प्रयोगशाळेत आणली. माती थोडीथोडी काढत गेलो तेव्हा जबड्याच्या आत एक चांदीचं नाणं निघालं. त्या लोकांची समजूत अशी होती की मेल्यावर एक नदी ओलांडावी लागते आणि नावाड्याला मजुरी द्यावी लागते, म्हणून मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवायचं. बहुतेक ठिकाणी तांब्याचं सापडतं. हिला कुणीतरी चांदीचं दिलं होतं. देनारियस म्हणतात त्याला. एके काळी मजुराचा दिवसभराचा रोज साधारण एवढा असायचा.

नाणं बाईच्याही आधीचं आहे, फार झिजलेलं. ही चांदी खाणीतून ज्यांनी काढली ते बहुतेक गुलाम असणार. मग कुणी गाळली, कुणी तिची चकती केली, कुणी साच्यावर धरली आणि कुणी वर हातोडा मारला. हातोडा जरा सरकलाय. राजाचं नाक नाण्याच्या काठावरून बाहेर गेलंय. मारणाऱ्या माणसाची तेवढीच खूण उरली आहे. त्यानंतर इतक्या हातांतून गेलं की राजाला आता डोळाही नाही.

ते मी माझ्या हाताने बाहेर काढलं, अप्पा. जबड्याच्या हाडावर चांदीत मिसळलेल्या तांब्याचा हिरवा डाग राहिलाय. तो निघत नाही, आणि आम्ही काढणारही नाही.

आपल्याकडेही पूर्वी कपाळावर नाणं ठेवायचे ना? त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, लिहाल का?

तुमची
क्षमा


विश्रांतवाडी, पुणे
२ फेब्रुवारी २०१४

चि. क्षमा,
मंगलकामना.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वाचून जेवण गेलं नाही.

मेलेल्या बाईच्या तोंडातलं नाणं तू काढलंस. तुझ्या खात्यात आणखी माणसं असतीलच. त्यातलं कुणी पुढे का झालं नाही? तुझी ती वरिष्ठ बाई आहे, तिने स्वतः का काढलं नाही? आपण कोण, हे तिथे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, असं मी इतकी वर्षं समजून होतो. त्यांना कुणी सांगितलं? म्युनिकला पुण्या-मुंबईची पुष्कळ मंडळी आहेत असं तूच मागे लिहिलं होतंस. त्यांच्यापैकी कुणी तुमच्याकडे नोकरीला आलंय का?

आपल्या माणसांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. गावात कुणी मेलं की लाकडं वाहायची, सांगावा घेऊन परगावी पळायचं, आणि मग मढ्यावरचं कापड आणि कपाळावरचं नाणं उचलायचं. ती त्याची मजुरी. छप्पन साली धम्म घेतला आणि ते सोडलं. तुझ्यापर्यंत ते येऊ नये म्हणून सोडलं. आणि ते जर्मनीत तुझ्यासमोर ठेवलं जावं?

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पण हे काम मी करणार नाही असं लेखी कळव. वाटल्यास इंग्रजीत मसुदा मी करून पाठवतो.

आई ठीक आहे. डोकं दुखतं असं खुणेने सांगते. मी बाम लावतो.

अप्पा


कायझर्सलाउटर्न
१६ फेब्रुवारी २०१४

अप्पा, जयभीम.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, आणि नंतर ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. तुम्हाला असं वाटू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आबा गावकी करायचे एवढंच मला माहीत होतं. त्यात नाणंही होतं हे तुम्ही कधी बोलला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मला कुणी हे काम लावलेलं नाही. मी ते भांडून घेतलं. माझी वरिष्ठ, फ्राउ ब्रेंडल, स्वतःच काढणार होती. म्हणाली, "आल्झो, हे बघ क्षमा, मी दोन वर्षांनी रिटायर होतेय. अशी संधी मला परत मिळायची नाही."

मी म्हटलं, "मला तर अजून एकदाही मिळालेली नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "म्हणजे तुला थांबायची सवय आहे."

शेवटी असं ठरलं की माती तिने काढायची आणि नाणं मी. नाणं सुटून आलं तेव्हा ती टाळ्या वाजवत होती. केक आणला होता तिने. इथे असल्या कामाचा मान असतो, अप्पा. आपल्याबद्दल इथे कुणाला काही माहीत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

पण मी ते पत्र लिहिलं त्याचं कारण वेगळं होतं. सरळ लिहायचा धीर झाला नाही म्हणून रोमन लोकांना मध्ये घातलं. ते चुकलं असं आता वाटतं. सरळ लिहिणं चुकेल का, हेही कळत नाही. आईने कुणाला सांगू नको असं म्हटलेलं नाही, पण सांग असंही म्हटलेलं नाही. मी तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोहोचवतेय की तिचा विश्वास मोडतेय, हे मी स्वतःला विचारून थकले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "क्षमे, माज्या पेटीत आयचा राणीछाप रुपाया हाय. मी गेल्यावर कपाळाला ठेवा. आयचं ऱ्हायलं, माजं तरी करा."

मी विचारलं, "अप्पांशी बोललीस का?"

"त्यांना काय ऐकू येतंय?" म्हणाली. "हितंच हायत, म्होरं. पेपर वाचत्यात."

तुम्ही समोर खुर्चीत होता, अप्पा. ती चांगली मोठ्याने बोलत होती.

तो रुपया तुम्हाला ठाऊक असेल. आजी खडी फोडायला जायची, त्या मजुरीतून मागे टाकून तिने तो आपल्या कपाळासाठी ठेवला होता. ती गेली तेव्हा आपण सगळे धम्मात आलो होतो, तुम्ही लोकांनी ठेवू दिला नाही. तो पेटीत राहिला.

तुमचा निर्णय काय व्हावा हे मी सांगत नाही. मला स्वतःलाही कळत नाही.

क्षमा


विश्रांतवाडी
९ मार्च २०१४

चि. क्षमा,

गेले महिनाभर तुझी आई मला कपाळाला बोट लावून दाखवत होती. कपाळाला बोट, मग पेटीकडे हात. मी समजत होतो, डोकं दुखतंय आणि बाम पेटीत आहे. बाम रोज लावत होतो. ती हात झटकायची तेव्हा मला वाटायचं झोंबतोय, म्हणून कमी लावायचो. आता हे मी तुला लिहितोय आणि ती इथे झोपली आहे.

तुझं पत्र आल्यावर मी तिच्यासमोर पेटी उघडली. रुपया काढून तिच्या कपाळाला नुसता टेकवला आणि भुवया वर केल्या. तिने मान हलवली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, की इतक्या उशिरा कळलं का. रुपया मी परत ठेवून दिला. हो म्हटलं नाही.

मी का म्हणू शकत नाही ते तरी लिहितो.

गावात मयत झालं की माझे वडील, तुझे आबा, स्मशानात एका बाजूला उभे राहायचे. सगळं झालं, लोक मागे सरले की पुढे होऊन कपाळावरचं नाणं उचलायचं. कधी कुंकवाने चिकटलेलं असायचं, ते नखाने सोडवावं लागायचं. घरी आले की ओढ्यावर जाऊन हात धुवायचे, नाणं धुवायचे, आणि त्याच नाण्याचं मीठ-मिरची यायचं. ते आम्ही खाल्लं. माझ्या आईने त्या दिवशी कधी आमच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

धम्म घेतला त्या हिवाळ्यात पाटलांच्या घरी मयत झालं. आबा गेले नाहीत. नाणं उचलायला कुणी पुढे होईना, ते तसंच सरणावर गेलं. दुसऱ्या दिवशी आमचं दळण बंद, दुकान बंद, पाणी बंद. आबांची तब्येत त्यातच गेली. एक नाणं न उचलण्याची ती किंमत आहे.

लोक म्हणतात कपाळावर नाणं ठेवायची रीत. ते फक्त ठेवण्याबद्दल बोलतात. कपाळावर नाणं ठेवलं की ते उचलणारा कुणीतरी लागतो, क्षमा. विद्युतदाहिनीत धातू चालत नाही, तिथला माणूस ते काढणार. तो कोण असतो? म्हणून मला जमणार नाही. तुझ्या आईचा शब्द मला मोडायचा नाही आणि हेही जमणार नाही, अशी अवस्था आहे.

तुझ्या म्युझियमबद्दल मी जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. पण एक विचारायचं राहिलं. तू लिहिलंस की नाणं तिच्या तोंडातच होतं. म्हणजे नावाड्याने ते घेतलं नाही. मग त्याने तिला फुकट नेलं, की तो आलाच नाही?

अप्पा


कायझर्सलाउटर्न
२३ मार्च २०१४

अप्पा, जयभीम.

तुमचा प्रश्न मी फ्राउ ब्रेंडलला विचारला. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "इतकी वर्षं ही नाणी काढतेय, नावाड्याच्या बाजूने कधी विचारच केला नाही." मग म्हणाली की रोमन लोकांना वाटत असावं, खरं नाणं कबरीत राहतं आणि त्याची सावली नावाड्याला मिळते. मी उर्जाला जेवताना सांगितलं. ती नेहमीसारखं जर्मनमध्येच म्हणाली, "दास इस्ट उनफेअर." हे बरोबर नाही, मजुरीची सावली देऊन चालतं का.

बामाचं वाचून मी रडले. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका असं लिहिणार होते, पण मला तिथे बसून असं म्हणण्याचा काय अधिकार? सगळं मला फोनवर स्पष्ट ऐकू येत होतं आणि तरी मी तीन महिने गप्प बसले.

रुपयाबद्दल मी आता काही म्हणणार नाही. तिकीट आधीचं मिळतंय का ते राजानंद बघतोय. आईला सांगा मी येतेय.

क्षमा


कायझर्सलाउटर्न
४ मे २०१४

अप्पा, जयभीम.

सुखरूप पोहोचले. संघर्षला मेसेज केला होता, त्याने सांगितलं असेलच.

घरात इतकी माणसं होती की तुमच्याजवळ नीट बसायला मिळालं नाही. आईच्या जलदान विधीला तर तुम्ही आणि मी खोलीच्या दोन टोकांना होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलं की मला वाटायचं काहीतरी सांगणार आहात, आणि तेवढ्यात कुणीतरी चहा घेऊन यायचं.

तिला न्यायला माझ्यासाठी थांबायचं की नाही हा प्रश्न संघर्षने विमानतळावर मला फोन करून विचारला होता. मीच म्हटलं थांबू नका. उन्हाळा होता, अप्पा. योग्य तेच म्हटलं असं मला तेव्हा वाटलं होतं. घरात शिरले, तिची कॉट उभी करून भिंतीला लावलेली दिसली, आणि तेव्हापासून तसं वाटत नाही. हे कुणाला बोलले नाही, तुम्हालाच लिहितेय.

निघायच्या आदल्या दिवशी शुभावहिनी आईच्या साड्या लावत होती, तेव्हा मी पेटी बघितली. रुपया नव्हता. संघर्षला विचारलं तर म्हणाला, "मला माहीत नाही ताई. वंदना झाली आणि अप्पांनी आम्हाला सगळ्यांना मागे सरायला लावलं. तिथे ते आणि तिथला तो माणूस, दोघंच होते."

तुम्हाला विचारायला तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते. मोठ्याने ओरडून विचारावं लागलं असतं आणि बाहेर पाहुणे बसले होते. म्हणून पत्राने विचारतेय. सांगायचं नसेल तर सांगू नका.

क्षमा


विश्रांतवाडी
१ जून २०१४

चि. क्षमा,
मंगलकामना.

तू दारापर्यंत आलेली मी पाहिली होती. हाक मारली असती तर तू आत आली असतीस. मलाही बोलता आलं नसतं.

ती गेली त्या आठवड्यात काही खायची नाही. शेवटच्या दुपारी तिने पुन्हा कपाळाला बोट लावलं. मी उठून बाम आणला. समजून-उमजून आणला. तिला कळलं. हसली ती. मग मी बाम ठेवून दिला आणि पेटी उघडली, रुपया माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला, तिला दिसेल असा. तेवढंच. त्यानंतर तिने पुन्हा खूण केली नाही.

दाहिनीच्या दारापाशी संघर्षला आणि बाकीच्यांना मागे पाठवलं. मग रुपया तिच्या कपाळावर ठेवला. कुंकू नाही, काही नाही, नुसता ठेवला. तिथला माणूस जरा वेळ थांबला, मग रीतीप्रमाणे हात पुढे केला त्याने. मी त्याचं मनगट धरलं.

तो माझ्या कानाजवळ येऊन ओरडला, "बाबा, तुम्ही कशाला? आमचं रोजचंच हाय ते."

मी म्हटलं, "नाव काय तुझं?"

"विलास."

आडनाव विचारलं नाही. गरज नव्हती.

"विलास, आज तू उचलायचं नाहीस," मी म्हटलं. "माझी बायको आहे. मी उचलतो." तो मागे झाला.

आबा उचलायचे तसं मी उचललं. नाणं माझ्या बोटांतून एकदा निसटून तिच्या भुवईवर आलं. कपाळावर फिकट गोल ठसा राहिला होता. तो मी बघत राहिलो, मग विलासने ट्रॉली आत लोटली. आबा नाणं उचलताना कुठे बघत असत, हे मला लहानपणी कधी कळायचं नाही. ते नाण्याकडे बघत नसत. मलाही नाण्याकडे बघता आलं नाही.

मी शब्द मोडला की पाळला, ते मला ठरवता येत नाही. ठेवणाराही मी आणि उचलणाराही मी, म्हणून ठेवलं. दुसऱ्याच्या हाताला ते लागलं नाही, एवढीच त्यात मला जागा दिसली. आबा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार अजून रोज करतो.

संघर्षच्या मित्राचा मुलगा विपुल तुमच्याच गावी शिकायला येतोय. त्याच्याबरोबर रुपया पाठवतो. माझ्या वेळी हाच ठेवायचा. आणि उचलायला तू ये. जबड्यातलं काढलंस तेव्हा तुझ्या हातून निसटलं नसेल, माझ्या वेळीही निसटू देऊ नकोस. दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचा नाही.

अप्पा


कायझर्सलाउटर्न
७ सप्टेंबर २०१४

अप्पा, जयभीम.

विपुल काल आला. तुम्ही रुपया आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात शिवून दिला होता. विपुलने तो पासपोर्टबरोबर गळ्यातल्या पिशवीत ठेवला होता. "आजोबांनी शपथ घातली होती, काकू, टॉयलेटलासुद्धा काढला नाही," म्हणाला. त्याला पोटभर जेवायला घातलं.

पातळ उसवलं. रुपया काळा पडलाय. आमच्या प्रयोगशाळेत पंधरा मिनिटांत लख्ख होईल. उर्जा म्हणाली, कर ना मग. मी नाही म्हटलं. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. मग तिने तो तळहातावर घेतला, बराच वेळ धरून बसली, आणि पहिल्यांदाच न विचारता मराठीत म्हणाली, "आजीचा आहे."

रोमन बाईचं नाणं आता काचेच्या पेटीत लावलंय. खालची पाटी फ्राउ ब्रेंडलने मला लिहायला दिली. नाव, काळ, वजन आणि "नावाड्याची मजुरी" एवढं लिहून झाल्यावर मी एक ओळ वाढवली: ही मजुरी उचलली गेली नाही. तिने ती ओळ राहू दिली.

तुम्ही जे मागितलं आहे त्याला "येईन" असं मी लिहिलं होतं. तो कागद फाडला. आईलाही येतेय म्हणून कळवलं होतं. इथून पुण्याला पोहोचायला दीड दिवस लागतो, आणि तिकीट, रजा, विमान यांतलं काहीही माझ्या हातात नसतं. तुम्हाला खोटं वचन द्यायचं नाही.

पण रुपया माझ्याजवळ आहे, अप्पा. पासपोर्टच्या पाकिटात ठेवलाय. तो घेऊन मी दारात येईपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल.

तुमची
क्षमा